जनावरांचा विमा : निवड आणि तुलना

शेतकऱ्याच्या मिळकतीत जमीन हे स्थावर आणि जनावर हे जंगम धन होय. जमीन एका रात्रीत नाहीशी होत नाही. जनावर मात्र होते. संध्याकाळी दहा लिटर दूध देणारी गाय पहाटे सर्पदंशाने मरून पडलेली आढळते; हिरवा लसूणघास अधिक खाल्ल्याने पोट फुगून बैल घटकाभरात आडवा होतो; वळवाच्या पावसात झाडाखाली बांधलेल्या म्हशीवर वीज पडते. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ४० लक्ष गाई-बैल आणि ५६ लक्ष म्हशी होत्या. त्यांतील पुष्कळशी जनावरे दोनचार दाव्यांच्या लहान गोठ्यांत आहेत. ज्या घरी दोनच गाई, त्या घरी एक गाय मेली की दुधाचे अर्धे उत्पन्न बंद पडते. गाय कर्जाने घेतलेली असल्यास कर्जाचा हप्ता मात्र चालूच राहतो.

अशा वेळी शासन मदत करते, हे खरे. २०२२ मध्ये लंपी चर्मरोगाची मोठी साथ आली, तेव्हा राज्य शासनाने मृत गाईसाठी ३०,००० रुपये, बैलासाठी २५,००० रुपये व वासरासाठी १६,००० रुपये दिले. नैसर्गिक आपत्तीत दगावलेल्या जनावरांसाठी २०२२-२३ ते २०२५-२६ या काळाकरिता जे निकष ठरले, त्यांत दुभत्या गाई-म्हशीस ३७,५०० रुपये व ओढकामाच्या बैलास ३२,००० रुपये अशी रक्कम होती. परंतु चांगल्या संकरित गाईला बाजारात ८०,००० रुपये पडत असतील, तर या रकमेत तिच्या जागी दुसरी गाय येत नाही. शिवाय अशी मदत ठरावीक आपत्तीपुरती किंवा साथीपुरती असते. सर्पदंश, पोटफुगी, विहिरीत पडणे किंवा अडलेली वीण यांसाठी ती मिळेलच असे नाही. मदत ही मदत असते. तिला भरपाई समजता येत नाही. भरपाईचा मार्ग विम्याचा आहे.

तथापि विमा उतरविला म्हणजे भरपाई मिळालीच, असेही नाही. गावोगाव फिरताना विम्याविषयी जी नाराजी ऐकू येते, तिचे मूळ बहुधा विमापत्र न वाचता घेण्यात असते. हप्ता किती एवढेच विचारले जाते. काय झाल्यास पैसे मिळणार नाहीत, हे विचारले जात नाही. विमापत्र हप्ता पाहून नव्हे, तर त्यातील अपवाद व अटी वाचून निवडावे, हे सांगण्यासाठीच प्रस्तुत लेख लिहिला आहे.

विमा म्हणजे काय ?

समजा, एका गावात सारख्या किमतीच्या १०० गाई आहेत व प्रत्येकीची किंमत ८०,००० रुपये आहे. वर्षभरात त्यांपैकी दोन मरतात. त्या कोणाच्या मरतील हे आधी कोणासही ठाऊक नाही. प्रत्येकाने १,६०० रुपये वर्गणी काढली तर १,६०,००० रुपये जमतात व दोन्ही गाईंची पूर्ण किंमत भरून निघते. विम्याचे तत्त्व एवढेच आहे. विमा कंपनी या वर्गणीत आपला व्यवस्थेचा खर्च, नफा व जादा मृत्यूंची जोखीम मिळविते आणि १,६०० ऐवजी समजा २,४०० रुपये घेते. एकावर कोसळणारे संकट शंभरजणांत वाटले गेले की कोणाचेही घर मोडत नाही.

ज्याची गाय जगली त्याचे पैसे फुकट गेले, असे म्हणणे बरोबर नाही. वर्षाला २,४०० रुपये म्हणजे दिवसाला सुमारे साडेसहा रुपये होतात. अर्धा लिटर दुधाच्या किमतीहूनही हे कमी आहे. कुंपणाचा खर्च जसा चोर न आल्याने वाया जात नाही, तद्वत् हा खर्च समजावा.

विमा कोठे मिळतो ?

१ जानेवारी १९७३ रोजी सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. त्यानंतर न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल व युनायटेड इंडिया या चार सरकारी कंपन्यांमार्फत जनावरांचा विमा खेड्यांपर्यंत पोचू लागला. पुढे खाजगी कंपन्यांनाही हे क्षेत्र खुले झाले. आज शेतकऱ्यास विमा मिळण्याच्या वाटा मुख्यतः चार आहेत.

(१) अनुदानित शासकीय योजना : केंद्र शासनाची पशुधन विमा योजना २००५-०६ मध्ये निवडक १०० जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. २०१४ पासून ती राष्ट्रीय पशुधन अभियानाचा भाग बनली. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने लाभार्थ्याचा वाटा हप्त्याच्या १५ टक्क्यांवर आणण्यास मान्यता दिली. त्यापूर्वी तो निरनिराळ्या वर्गांसाठी २० ते ५० टक्के होता. उरलेला भार केंद्र व राज्य यांनी ६०:४० या प्रमाणात उचलावयाचा आहे. एक मोठे जनावर किंवा दहा लहान जनावरे म्हणजे एक घटक धरला जातो. शेळ्या-मेंढ्यांसाठी अशा घटकांची मर्यादा त्याच वेळी ५ वरून १० करण्यात आली. आपल्या जिल्ह्यात चालू वर्षी योजना कोणत्या कंपनीकडे आहे व नोंदणी केव्हापर्यंत आहे, हे नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे.

(२) बँकेच्या कर्जासोबतचा विमा : दुभत्या जनावरासाठी कर्ज देताना बँक विम्याचा आग्रह धरते व हप्ता कर्जखात्यातून भरते. पुष्कळ शेतकऱ्यांना आपल्या गाईचा विमा आहे हेच माहीत नसते. ज्यांना माहीत असते, त्यांपैकी अनेकांजवळ विमापत्राची प्रत नसते. ती बँकेकडून मागून घ्यावी. पहिल्या वर्षानंतर नूतनीकरण कोण करणार, हेही त्याच वेळी विचारून ठेवावे. कर्ज बाकी असेपर्यंत भरपाईवर पहिला हक्क बँकेचा असतो.

(३) दूध संघामार्फत सामुदायिक विमा : काही दूध संघ सभासदांच्या जनावरांचा एकत्र विमा उतरवितात व हप्ता दुधाच्या बिलातून कापतात. जनावरांची संख्या मोठी असल्याने दर व अटी यांविषयी संघास कंपनीशी घासाघीस करता येते.

(४) स्वतः कंपनीकडून घेतलेला विमा : शासकीय योजनेच्या मर्यादेपलीकडील जनावरांसाठी हा मार्ग राहतो. येथे हप्ता पूर्ण भरावा लागतो. म्हणून दोनतीन कंपन्यांची विमापत्रे मागवून ताडून पाहणे अगत्याचे आहे.

तुलना करताना पाहावयाच्या गोष्टी

१. विम्याची रक्कम कशी ठरते ?

जनावराचे वय, वेत, दूध व प्रकृती पाहून मालक, पशुवैद्यक आणि कंपनीचा प्रतिनिधी मिळून किंमत ठरवितात. हप्ता वाचावा म्हणून ८०,००० रुपयांची गाय ४०,००० रुपयांस मांडण्याचा मोह अनेकांना होतो. तीन टक्के दराने त्यात वर्षाला १,२०० रुपये वाचतात, पण गाय मेल्यास ४०,००० रुपये बुडतात. उलट किंमत फुगवून सांगण्यातही लाभ नाही. पुष्कळ विमापत्रांत 'विम्याची रक्कम किंवा मृत्यूपूर्वीचा बाजारभाव, यांपैकी जी कमी ती' असे कलम असते. काही विमापत्रांत, विशेषतः अनुदानित योजनेत, प्रारंभी ठरलेली रक्कमच देण्याचे मान्य केलेले असते. आपले विमापत्र यांपैकी कोणत्या प्रकारचे आहे, हा पहिला प्रश्न विचारावा.

राष्ट्रीय पशुधन अभियानाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत गाईची किमान किंमत दररोजच्या प्रत्येक लिटर दुधामागे ३,००० रुपये व म्हशीची ४,००० रुपये धरावी किंवा स्थानिक बाजारभाव घ्यावा, असे म्हटले होते. असा आकडा किमान समजावा. बाजारभाव अधिक असेल तर तो दाखवून द्यावा व तशी नोंद करून घ्यावी.

२. कोणती संकटे विम्यात येतात ?

आग, वीज, पूर, वादळ, भूकंप, अपघात, शस्त्रक्रिया आणि विमा सुरू झाल्यानंतर जडलेला रोग यांमुळे येणारा मृत्यू बहुतेक विमापत्रांत समाविष्ट असतो. जनावर जिवंत राहून निकामी झाले तर मात्र साध्या विमापत्रात काही मिळत नाही. दुभते जनावर कायमचे भाकड किंवा वांझ होणे, वळू पैदाशीस कायमचा निरुपयोगी होणे, बैल ओढकामास कायमचा अपात्र होणे, यांस 'कायमचे संपूर्ण अपंगत्व' म्हणतात. त्यासाठी जादा हप्ता भरावा लागतो व बहुधा विम्याच्या रकमेच्या ७५ टक्के भरपाई मिळते. यातील 'संपूर्ण' हा शब्द महत्त्वाचा आहे. कासदाहाने एखादे सड निकामी झाले, तर ते अंशतः अपंगत्व होय व त्यास भरपाई नसते. वांझपणाची मागणी करावयाची तर पशुवैद्यकाकडून झालेल्या उपचारांची लेखी नोंद हवी.

३. प्रतीक्षाकाल किती ?

विमा सुरू झाल्यापासून पहिले काही दिवस रोगाने आलेल्या मृत्यूस भरपाई नसते. बहुतेक विमापत्रांत हा काळ १५ दिवसांचा असतो. आजारी जनावराचा घाईने विमा उतरविण्यास आळा बसावा, म्हणून ही अट आहे. मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरण केले तर विमा अखंड राहतो. मध्ये खंड पडला तर जनावर नव्याने तपासले जाते व प्रतीक्षाकालही पुन्हा सुरू होतो. म्हणून मुदतीची तारीख गोठ्यातील खांबावर लिहून ठेवली तरी चालेल, पण विसरू नये.

४. अपवाद कोणते ?

हा भाग विमापत्रात सर्वांत बारीक अक्षरांत छापलेला असतो आणि वाद बहुधा येथेच होतात. वाचता न आल्यास वाचून घ्यावा. सर्वसाधारणपणे पुढील बाबतींत भरपाई मिळत नाही :

(अ) विमा सुरू होण्यापूर्वीच जडलेला रोग किंवा झालेली इजा.

(आ) जाणूनबुजून केलेली इजा, हयगय, अडाणी उपचार व जनावरावर लादलेला अतिरिक्त भार.

(इ) चोरी, हरवणे किंवा गुपचूप विक्री.

(ई) नमूद केलेल्या कामाव्यतिरिक्त दुसऱ्याच कामासाठी कंपनीस न कळविता केलेला वापर.

(उ) ठरावीक अंतरापलीकडील वाहतूक. पुष्कळ विमापत्रांत ही मर्यादा ८० किलोमीटर असते.

(ऊ) लस न टोचता झालेले घटसर्प, फऱ्या, काळपुळी, लाळ-खुरकूत, थायलेरिओसिस यांसारखे रोग.

यांतील काही कलमे आपल्या राज्यातील विशिष्ट शेतकऱ्यांवर फार जड पडतात. बीड, अहिल्यानगरकडील ऊसतोड मजूर बैलजोड्या घेऊन दूरच्या साखर कारखान्यांवर जातात. त्यांच्या बाबतीत वाहतुकीचे अंतर आणि गाडीवरील भार ही दोन्ही कलमे एकदमच लागू होऊ शकतात. ज्यांनी बैलांचा विमा उतरविला असेल, त्यांनी हंगामापूर्वी कंपनीस स्थलांतर लेखी कळवावे व गरज असल्यास वाहतुकीचे जादा संरक्षण घ्यावे. घोडेगाव, लोणी, काष्टी यांसारख्या बाजारांतून लांबच्या गावी जनावर नेणाऱ्याने, किंवा परराज्यातून मुऱ्हा म्हैस आणणाऱ्यानेही वाटेतील विम्याची चौकशी आधीच करावी. मेंढपाळांनी आपला कळप कोणत्या जिल्ह्यांतून फिरतो, हे विमा घेतानाच सांगावे.

५. लसीकरणाची अट

जुन्या विमापत्रांतील रोगांच्या यादीत बुळकांडीचेही नाव असे. लसीकरणाच्या बळावर त्या रोगाचे २०११ मध्ये जगातून उच्चाटन झाले. उरलेले रोग अद्याप आपल्या गोठ्यांत येतात. लाळ-खुरकूत रोगाची लस २०१९ पासून राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमाखाली विनामूल्य टोचली जाते. घटसर्प व फऱ्या यांची लस पावसाळ्यापूर्वी टोचून घ्यावी. काळपुळीची लस जेथे तो रोग पूर्वी येऊन गेला असेल तेथे, पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्यावी. लस टोचली एवढे पुरेसे नाही; तिची तारीख बिल्ल्याच्या क्रमांकासह नोंदली गेली आहे, याची खात्री करावी. नोंद नसेल, तर टोचलेल्या लसीचा भरपाईच्या वेळी उपयोग होत नाही.

६. वयाची मर्यादा

साधारणतः दुभती गाय २ ते १० वर्षे, म्हैस ३ ते १२ वर्षे, बैल ३ ते १२ वर्षे व वळू ३ ते ८ वर्षे या वयात विम्यास पात्र समजतात. वय दातांवरून ठरते. म्हणून दोन दाती, चार दाती, सहा दाती की जुळलेले, हे तपासणीच्या वेळी पशुवैद्यकाकडून लिहून घ्यावे. जनावर वरच्या मर्यादेजवळ आले असेल, तर तीन वर्षांचे विमापत्र मिळेल का, हे आधी विचारावे.

दोन विमापत्रांची तुलना

उदाहरणादाखल ८०,००० रुपयांच्या गाईसाठी दोन विमापत्रे घेऊ. यातील दर व अटी केवळ समजुतीसाठी कल्पिल्या आहेत.

विमापत्र 'अ' : दर २.५ टक्के; वर्षाचा हप्ता २,००० रुपये; भरपाईतून २० टक्के कपात; कायमच्या अपंगत्वास संरक्षण नाही.

विमापत्र 'ब' : दर ३ टक्के; वर्षाचा हप्ता २,४०० रुपये; कपात नाही; एक टक्का म्हणजे ८०० रुपये जादा भरल्यास कायमच्या अपंगत्वास ७५ टक्के भरपाई.

प्रथमदर्शनी 'अ' स्वस्त वाटते, कारण त्यात वर्षाला ४०० रुपये वाचतात. परंतु गाय मेली तर 'अ' नुसार ६४,००० रुपये मिळतील व 'ब' नुसार ८०,००० रुपये. म्हणजे एका मृत्यूत १६,००० रुपयांचा फरक पडला. दरवर्षी ४०० रुपये वाचवून तो भरून काढावयाचा तर ४० वर्षे लागतील. गाय कायमची भाकड झाली, तर 'अ' मध्ये काहीच नाही. 'ब' मध्ये ८०० रुपये जादा भरलेले असतील, तर ६०,००० रुपये मिळतील.

याचा अर्थ महाग विमापत्र नेहमी चांगले, असा मात्र नव्हे. ज्याच्याजवळ केवळ ओढकामाचे वयस्क बैल आहेत, त्याने अपंगत्वाचा जादा हप्ता भरावा की नाही, हे बैलाची किंमत व उरलेली उमेद पाहून ठरवावे. ज्याने नुकतीच पहिल्या वेताची कालवड विकत घेतली आहे, त्याने तो भरलेला बरा. आपल्या गोठ्यावर कोणते संकट येण्याचा संभव अधिक आणि कोणते सोसण्याची आपली ताकद कमी, हे पाहून विमापत्र घ्यावे.

एक वर्ष की तीन वर्षे ?

२०१४ च्या सूचनांत साधारण भागासाठी हप्त्याची कमाल मर्यादा एका वर्षास ३ टक्के व तीन वर्षांस ७.५ टक्के अशी होती. या दरांनी ८०,००० रुपयांच्या गाईसाठी एकेक वर्षाचे तीन हप्ते ७,२०० रुपये होतात, तर तीन वर्षांचा एकच हप्ता ६,००० रुपये होतो. शेतकऱ्याचा वाटा १५ टक्के धरल्यास हेच आकडे अनुक्रमे १,०८० व ९०० रुपये होतात. नूतनीकरण विसरण्याचा धोकाही टळतो. मात्र तीन वर्षांत जनावराची किंमत बदलते. पहिलारू कालवडीची किंमत दुसऱ्या-तिसऱ्या वेतात वाढते. ती रक्कम मध्येच वाढवून मिळेल का, हे विचारावे. न मिळाल्यास अशा कालवडीचा एकेक वर्षाचा विमा घेणे अधिक सोयीचे होय. भर वयातील स्थिर दुधाच्या गाईसाठी तीन वर्षांचे विमापत्र किफायतशीर ठरते.

कानातील बिल्ला

विमा कंपनीच्या दृष्टीने जनावराची ओळख तिच्या रंगावरून किंवा नावावरून नव्हे, तर कानातील बिल्ल्यावरून पटते. बिल्ला नाही तर भरपाई नाही, असा दंडकच आहे. आता जनावरांना बारा आकडी क्रमांकाचा बिल्ला लावला जातो. तो क्रमांक विमापत्रावर बरोबर उतरला आहे ना, हे विमापत्र हाती येताच एकेक आकडा मिळवून पाहावे. एक आकडा चुकला तरी भरपाईच्या वेळी ती गाय दुसरीच ठरते.

कुंपणात किंवा गव्हाणीत अडकून बिल्ला तुटतो. तुटल्यास त्याच दिवशी कंपनीस लेखी कळवावे, नवा बिल्ला लावून घ्यावा व त्याचा क्रमांक विमापत्रावर चढवून घ्यावा. बिल्ला दिसेल असे जनावराचे मालकासह छायाचित्र काढून ठेवावे. जनावर विकल्यास उरलेल्या मुदतीचा विमा नव्या मालकाच्या नावे करून द्यावा व विकत घेणाऱ्याने तो मागून घ्यावा. बाजारात गाईसोबत विमापत्रही मागणारा शेतकरी शहाणा समजावा.

जनावर दगावल्यास काय करावे ?

दुःखाच्या प्रसंगी धांदल होते. म्हणून क्रम आधीच ठाऊक असावा.

(१) जनावर आजारी पडताच पशुवैद्यकास बोलवावे. १९६२ या दूरध्वनी क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी संपर्क साधता येतो. उपचाराची चिठ्ठी जपून ठेवावी. हयगय केली नाही याचा तोच पुरावा.

(२) मृत्यू झाल्यास कंपनीस ताबडतोब, शक्य तो त्याच दिवशी कळवावे व कळविल्याची वेळ आणि क्रमांक लिहून ठेवावा. विमा बँकेमार्फत किंवा संघामार्फत असल्यास त्यांनाही कळवावे.

(३) तपासणी होईपर्यंत मृत जनावर पुरू नये किंवा हलवू नये. बिल्ला कानातून स्वतः काढू नये. बिल्ल्यासह छायाचित्रे घ्यावीत.

(४) पशुवैद्यकाकडून शवविच्छेदन करून दाखला घ्यावा. वीज, पूर किंवा आग यांमुळे मृत्यू झाला असल्यास तलाठ्याकडून पंचनामा करून घ्यावा. वन्य प्राण्याने मारले असल्यास वन विभागास कळवावे. त्या विभागाकडून मिळणारे साहाय्य विम्याहून वेगळे असते.

(५) कळविल्याची नोंद, विमापत्र, भरपाईचा अर्ज व शवविच्छेदन अहवाल ही चार मुख्य कागदपत्रे होत. ती सादर करून पोच घ्यावी.

येथे एक धोक्याची सूचना दिली पाहिजे. जनावर अचानक मेले असून नाक, तोंड किंवा गुदद्वार यांतून काळसर, न गोठणारे रक्त येत असेल, तर काळपुळीचा संशय धरावा. असे शव कोणत्याही कारणाने फाडू नये व त्याचे कातडे काढू नये. हवा लागताच या रोगाचे जंतू बीजाणूंच्या रूपाने मातीत वर्षानुवर्षे टिकतात व माणसालाही हा रोग होतो. पशुवैद्यक रक्ताचा नमुना काचपट्टीवर घेऊन निदान करतात व तसा दाखला देतात. भरपाईसाठी शव फाडलेच पाहिजे, असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. अशा शवाची विल्हेवाट पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली, खोल खड्ड्यात चुना टाकून करावी.

अनुदानित योजनेच्या २०१४ च्या सूचनांत कागदपत्रे मिळाल्यापासून १५ दिवसांत भरपाई द्यावी व विलंब झाल्यास कंपनीने दरसाल १२ टक्के चक्रवाढ व्याज द्यावे, असे कलम आहे. भरपाई नाकारल्यास कारण लेखी मागावे. प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. महिनाभरात उत्तर न आल्यास किंवा समाधान न झाल्यास एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबई व पुणे येथे त्यांची कार्यालये असून तेथे शुल्क लागत नाही व वकिलाचीही गरज नसते. ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

गावात विम्याचा प्रसार करताना केवळ अर्ज भरून घेऊन थांबू नये. प्रत्येक गावासाठी एक वही ठेवावी व तीत मालकाचे नाव, बिल्ल्याचा क्रमांक, विमापत्राचा क्रमांक, विम्याची रक्कम, मुदतीची तारीख आणि लसीकरणाच्या तारखा एका ओळीत लिहाव्यात. मुदत संपण्यापूर्वी एक महिना मालकास आठवण द्यावी. ग्रामसभेत किंवा दूध संकलन केंद्रावर एखादे विमापत्र मोठ्याने वाचून त्यातील अपवाद सोप्या भाषेत समजावून सांगावेत. ज्या घरी गोठ्याचे काम स्त्रिया पाहतात, तेथे ही माहिती त्यांना आवर्जून द्यावी. जनावर रात्री आजारी पडले तर पहिला निर्णय बहुधा त्यांनाच घ्यावा लागतो.

विमा घेण्यापूर्वी शेतकऱ्याने पुढील प्रश्न विचारावेत व उत्तरे लिहून घ्यावीत : भरपाई ठरलेल्या रकमेची की बाजारभावाची ? कपात किती ? कायमच्या अपंगत्वाचा समावेश आहे का ? प्रतीक्षाकाल किती दिवसांचा ? लसीची अट कोणत्या रोगांसाठी ? किती अंतरापर्यंत वाहतूक चालते ? मृत्यूची खबर कोठे व किती वेळात द्यावयाची ? या सात प्रश्नांची उत्तरे ज्या विमापत्रात आपल्या गोठ्यास अनुकूल असतील, ते घ्यावे. त्यानंतरच हप्त्याचा विचार करावा.

विम्याने मेलेली गाय परत येत नाही. पण रिकाम्या दाव्याला दुसरी गाय बांधता येते, मुलांचे दूध तुटत नाही आणि कर्जाचा हप्ता भरण्यासाठी उरलेली गाय विकण्याची पाळी येत नाही. म्हणून ज्यांच्या विम्याची मुदत या महिन्यात संपत असेल, त्यांनी आजच आपले विमापत्र काढून त्यावरील बिल्ल्याचा क्रमांक गाईच्या कानाशी ताडून पाहावा, आणि ज्यांनी अद्याप विमा उतरविला नसेल, त्यांनी नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करावी.